नोंदणीकृत संपर्क

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न गुवाहाटीच्या विवाह नोंदणी कार्यालयात लागलं आणि ते मी मुंबईच्या विमानतळावर, समोसा खाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाच्या शेजारी बसून, मोबाइलवर पाहिलं. असं का झालं, याला जबाबदार कोण, हे ठरायला वर्षाच्या वर वेळ गेला. तोवर अबोलीच्या लग्नाचा पहिला वाढदिवसही होऊन गेला. त्याला मात्र आम्ही वेळेवर पोचलो होतो. ट्रेनने.

मी वसुधा कारखानीस. राहायला मुलुंड पूर्वेला. टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. आमचे हे, मार्तंड कारखानीस, एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होते. क्लेम खातं म्हणजे क्लेम मंजूर करणारं खातं, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. ह्यांनी तो समज आयुष्यभर निष्ठेने दूर केला. 'अटी वाचल्या होत्या का?' हे वाक्य ह्यांच्या तोंडात इतकं बसलंय की एकदा भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार मी स्वतःच केली, तेव्हासुद्धा ह्यांनी पाकिटावर काय लिहिलंय ते बघायला सांगितलं.

अबोली गुवाहाटीला वन्यप्राण्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. तिथलाच प्रांजल तिला आवडला. मुलगा शांत, हसरा, मासे खाणारा. आमच्यात एवढं पुरतं. दोघांना गाजावाजा नको होता. रजिस्टर लग्न करायचं, संध्याकाळी जेवण द्यायचं, संपलं. अबोलीची एकच अट होती, "माझ्याकडून साक्षीदार म्हणून आई-बाबाच सही करणार." ह्यांनी त्या सहीसाठी नवं शाईचं पेन आणलं आणि जुन्या वर्तमानपत्रांवर सहीचा सराव सुरू केला. लग्न तिचं होतं, पण सही ह्यांची होती.

आता तिकिटं. मी म्हटलं, मोबाइलवर काढते. पाच मिनिटांचं काम.

"ॲपवर काढलं आणि काही झालं, तर गळा कोणाचा धरणार?" हे म्हणाले. "समोर माणूस हवा. जबाबदार माणूस."

हा जबाबदार माणूस म्हणजे केयूर. ह्यांचा कॉलेजपासूनचा मित्र अनंत प्रधान, त्याचा मुलगा. स्टेशनजवळ त्याचं ट्रॅव्हल एजन्सीचं दुकान आहे. बाहेर मोठी पाटी: 'तुम्ही फक्त बॅग भरा, बाकीचं आमच्यावर सोडा.' आम्ही सोडलं. केयूरने आम्हाला थंडगार पाणी दिलं, "काका, काकू, टेन्शनच घेऊ नका" म्हणाला आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं थेट विमान काढून दिलं. ह्यांनी घरी येऊन तिकीट भिंगाखाली धरलं. नावाचं स्पेलिंग तपासलं, वय तपासलं, तारीख तपासली. तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात 'संपर्क' म्हणून एक फोन नंबर होता. तिथपर्यंत भिंग पोचलं नाही.

ठरलेल्या दिवशी दुपारीच आम्ही विमानतळावर. ह्यांना तीन तास आधी पोचायचं असतं. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, संगणक पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. डॉक्टर रिपोर्ट वाचून बघतात ना, तसं.

"सर, ये फ्लाइट तो सुबह निकल गई."

"ऐसा कैसा निकल गई?" हे म्हणाले. "हम तो इधर है ना!"

विमानाची वेळ संध्याकाळची बदलून सकाळची केली होती. आज नव्हे, चांगली दोन-तीन आठवड्यांपूर्वी. आणि तसं कळवलंही होतं, एसेमेसने आणि ईमेलने. "आपके रजिस्टर्ड कॉन्टॅक्ट पे," ती मुलगी म्हणाली आणि आमच्या विनंतीवरून तो नंबर वाचून दाखवला. नंबर केयूरच्या दुकानाचा होता.

ह्यांनी तिथूनच केयूरला फोन लावला. मी स्पीकरवर ठेवायला लावलं. केयूर आधी म्हणाला, "असं होऊच शकत नाही काका." मग म्हणाला, "हे एअरलाइनवाले पण ना!" शेवटी म्हणाला, "थांबा, मी बघतो." त्याने बघितलं. दुर्गापूजा तोंडावर आलेली. पूर्वेकडे जाणारं प्रत्येक विमान भरलेलं. कोलकात्यावरून, दिल्लीवरून, कुठूनच जागा नाही. मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारची. लग्नाची वेळ सकाळी अकराची. आणि तिथलं सरकारी कार्यालय त्या दिवसानंतर पूजेच्या सुट्टीसाठी बंद होणार होतं. प्रांजलची आजी डिब्रूगढहून येऊन बसली होती. अबोली फोनवर म्हणाली, "आम्ही थांबतो ना आई, सुट्टीनंतर करू." माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, "नको गं. कर तू. आम्ही बघतो."

ते बघणं म्हणजे हे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटजवळच्या खुर्च्यांवर बसलो. मी चंदेरी साडीत, हे नव्या सदऱ्यात, खिशाला पेन. समोर ह्यांच्या हातात मोबाइल. पलीकडे तो समोसेवाला गृहस्थ. अबोली मेखेला-चादर नेसली होती, केसात फूल. तिने सही करायला पेन टेकवलं आणि चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. ह्यांनी फोन गदागदा हलवला, जणू नेटवर्क तळाशी बसलंय. परत दिसायला लागलं तेव्हा सही झाली होती, सगळे टाळ्या वाजवत होते. हेही वाजवायला लागले. गेटवर एकटेच. शेजारच्याने समोसा बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, "विकेट?"

"शादी," मी म्हटलं.

आमच्या जागी साक्षीदार म्हणून अबोलीच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने आणि कँटीन चालवणाऱ्या बाईंनी सही केली. बाई चांगल्या आहेत, नंतर भेटल्या, माझा हात धरून रडल्या. रडायचा पहिला हक्क माझा होता, पण साक्षीदार त्या होत्या.

मुंबईला परत आल्यावर हे सरळ केयूरच्या दुकानात गेले. मीही गेले, कारण ह्यांचं ब्लडप्रेशर.

"काका, बसा ना," केयूर म्हणाला. या वेळी पाणी आलं नाही.

"केयूर, तिकिटावर नंबर तुझा का घातलास?"

"सिस्टिममध्ये तसाच जातो काका."

"मग मेसेज आला तो आम्हाला का नाही सांगितलास?"

"काका, कसं आहे, मी फक्त मध्यस्थ. विमान माझं थोडंच आहे? वेळ त्यांनी बदलली. तिकिटाच्या मागे अटी आहेत बघा, वेळापत्रकातल्या बदलाला एजंट जबाबदार नाही."

"आणि बाहेर पाटीवर काय लिहिलंयस?"

"ते मार्केटिंग आहे काका."

ह्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "मला पैसे नकोत रे. तू फक्त एकदा म्हण, चूक माझी झाली. विषय संपला."

केयूरने संगणकाकडे पाहिलं. माउस उगाच इकडून तिकडे फिरवला. "वाईट झालं काका," तो म्हणाला. कोणाकडून झालं, ते म्हणाला नाही.

विमान कंपनीला लिहिलं. तिचं नाव घेत नाही, घेतलं तर तेही त्यांच्या नोंदणीकृत संपर्कावर जाईल आणि कोणी वाचणार नाही. त्यांचं उत्तर आलं: 'आपल्या अनुभवाबद्दल आम्हाला खेद आहे. तथापि, आपल्या नोंदणीकृत संपर्कावर सूचना वेळेत देण्यात आली होती. प्रवाशाने स्वतःचा संपर्क न दिल्यास कंपनी जबाबदार राहत नाही. आपली पुन्हा सेवा करण्यास आम्ही उत्सुक आहोत.' माझी कानशिलं तापली. ह्यांनी मात्र ते पत्र दोनदा वाचलं, जाणकार माणूस गाण्यातली जागा ऐकतो तसं.

"'खेद' लिहिलंय, 'माफी' नाही," हे म्हणाले. "चांगला ड्राफ्ट आहे. आमच्याकडच्या कोणाचा असेल."

ह्यांच्या ओळखीचे एक वकील आहेत, धम्मपाल शिरसाट. कांजूरमार्गला ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही कागद वाचले आणि कपाळ चोळलं.

"कारखानीससाहेब, सगळी गंमत एका प्रश्नात आहे. केयूर एजंट, पण कोणाचा? विमान कंपनी म्हणते, तुमचा. म्हणजे त्याला सांगितलं की कायद्याने तुम्हालाच सांगितल्यासारखं झालं. आणि केयूर म्हणतो, मी त्यांचा. त्यांच्या वतीने तिकीट विकलं, पुढचं त्यांनी बघावं."

"म्हणजे दोघांनाही तो नकोय," मी म्हटलं.

"बरोबर. भाड्याच्या घरातला जुना फ्रिज असतो ना मॅडम, मालक म्हणतो भाडेकरूचा, भाडेकरू म्हणतो मालकाचा, तसं."

"मग कायदा काय म्हणतो?"

"विमान वेळेवर सोडणं, न सोडणं याला केयूर जबाबदार नाही. ते तो खरं बोलतोय. पण त्याने तुमच्याकडून पैसे घेतले, सेवा देतो म्हणाला, आणि आलेला निरोप पोचवला नाही. ती सेवा त्याची स्वतःची. त्यातल्या कसुरीला 'मी मध्यस्थ' म्हणून सुटता येत नाही. निरोप्याला निरोपाची जबाबदारी असतेच ना?" मग त्यांनी तिकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तिकिटावरचा नंबर तुम्ही बघितला नव्हतात, हे मात्र तुम्हाला विचारणार."

हे छताकडे बघत राहिले. मला हसू आवरलं नाही. तीस वर्षं लोकांना विचारलेला प्रश्न पत्ता शोधत शोधत घरी आला होता.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. केयूर एक नंबरचा सामनेवाला, विमान कंपनी दोन नंबरची. त्या दिवसापासून अनंत आमच्याकडे यायचा बंद झाला. रोज सकाळी बागेत दोघं बरोबर चालायचे, राजकारणापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळं बोलत. आता अनंत उलट्या दिशेने फेऱ्या मारायला लागला. परिणामी प्रत्येक फेरीत दोघं दोनदा समोरासमोर यायचे आणि दोनदा झाडांकडे बघायचे. मुलुंडच्या त्या बागेतल्या झाडांकडे इतकं लक्ष आजवर कोणी दिलं नसेल.

अनंतची बायको मृणालिनी मला बाजारात भेटली. "मुलासारखा आहे तो तुमच्या," ती म्हणाली.

"म्हणून तर त्याच्याकडे गेलो गं," मी म्हटलं. "परक्याकडे गेलो असतो तर त्याने निदान फोन केला असता."

हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि पुढे वर्षभर मृणालिनीने दुसऱ्या भाजीवाल्याकडून भाजी घेतली.

तारखा पडत गेल्या. एकदा विमान कंपनीचा वकील आला नाही, एकदा केयूरचा आला नाही, एकदा दोघं आले तर आयोगाच्या एक सदस्य आल्या नाहीत. आम्ही मात्र प्रत्येक वेळी हजर. आम्हाला कोणी वेळ बदलल्याचं कळवतच नाही.

शेवटी एकदाची सुनावणी झाली. आयोगाच्या अध्यक्ष एक चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. विमान कंपनीच्या वकिलाने नम्रपणे सांगितलं की एजंटला कळलं म्हणजे प्रवाशाला कळलं. केयूरच्या वकिलाने तितक्याच नम्रपणे सांगितलं की त्यांचे अशील केवळ मध्यस्थ आहेत. मग बाईंनी ह्यांना उभं केलं.

"तुम्ही विमा कंपनीत होतात ना? तिकीट वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं," हे म्हणाले. "नंबर वाचला नव्हता. चूक झाली."

हे दोन शब्द त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले गेले असावेत. टंकलेखन करणारा मुलगासुद्धा मान वर करून बघायला लागला.

मग बाईंनी केयूरला विचारलं, "गिऱ्हाईकाच्या तिकिटावर स्वतःचा नंबर घालायचं कारण काय?"

केयूरने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने फाइलकडे पाहिलं.

"मॅडम, गिऱ्हाईकाचा नंबर घातला की एअरलाइनवाले त्यांना डायरेक्ट ऑफर पाठवतात. मग गिऱ्हाईक पुढच्या वेळी माझ्याकडे येत नाही. सगळेच एजंट असं करतात."

"म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांचे मेसेज तुमच्याकडे येतात?"

"एक वेगळा फोन आहे मॅडम. ड्रॉवरमध्ये असतो."

"तो कोण बघतं?"

"तसं… कोणी नाही. ओटीपी आला की काढतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी त्या फोनचा विचार करत होते. रद्द झालेली विमानं, बदललेल्या वेळा, किती जणांची लग्नं आणि बारशी त्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलर आणि रबरबँडांच्या शेजारी, थरथरून गप्प झाली असतील!

निकाल लागला. केयूरने सेवेत कसूर केली, स्वतःच्या धंद्याच्या सोयीसाठी गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यामध्ये उभा राहिला, तेव्हा मधला निरोप पोचवणं ही त्याचीच जबाबदारी होती, असं आयोगाने म्हटलं. तिकिटांचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई त्याने द्यायची. भरपाईचा आकडा सांगत नाही. मनस्ताप इतका स्वस्त असतो हे कळलं तर लोक जास्त द्यायला लागतील. विमान कंपनीने कळवायचं ते कळवलं होतं, म्हणून ती सुटली. जाता जाता आयोगाने तिला, एकाच नंबरावर इतकी बुकिंगं दिसतात तेव्हा तो दुकानाचा असणार हे ओळखावं आणि पुढे अधिक दक्ष राहावं, असा सल्ला दिला. विमान कंपनीच्या वकिलाने मान डोलावली आणि लगेच फोन बघायला लागला.

हे घरी आले, जेवले, झोपले. जिंकल्याचं काही दिसेना. मी विचारलं तर म्हणाले, "'चूक माझी' असं म्हणायचा आदेश देता येत नाही म्हणे. धम्मपालला विचारलं मी."

मग काही आठवड्यांनी, एका रविवारी, केयूर दारात उभा. हातात चेकचं पाकीट. वाळला होता पोरगा. ह्यांनी पाकीट न उघडता टीपॉयवर ठेवलं.

"काका, अपिलाची मुदत संपली," केयूर म्हणाला. "आता बोललं तर चालेल, असं वकील म्हणाले."

"काय बोललं तर?"

"तो मेसेज मी वाचला होता."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथेच थांबले.

"तिकडे तर म्हणालास, फोन कोणी बघतच नाही," हे म्हणाले.

"एरवी नाही बघत. त्या दिवशी ओटीपीसाठी काढला होता, तेव्हा दिसला. समोर केदारनाथचा ग्रुप बसला होता, सगळे एकदम बोलत होते. म्हटलं, दुपारी काकांना फोन करू. आणि विसरलो. तुम्ही एअरपोर्टवरून फोन केलात ना, त्या क्षणी आठवलं. तेव्हाच सांगणार होतो. पण आधी वकिलाला विचारलं. ते म्हणाले, माफी मागितलीस तर कबुली दिल्यासारखं होईल. एक शब्द बोलू नकोस." त्याने टीपॉयवरचं पाकीट उगाच सरळ केलं. "चूक माझीच होती. अबोलीचं लग्न… सॉरी काका. काकू, सॉरी."

वर्षभराचे कागद, तीन वकील, एक आयोग, आणि मुळाशी काय, तर पोरगा विसरला. दूध उतू जातं, गॅस चालू राहतो, तसंच. माझ्यावर गॅस विसरल्याबद्दल अजून कोणी केस केलेली नाही.

"वकिलाने बरोबर सांगितलं तुला," हे म्हणाले. "मीही आमच्या लोकांना हेच सांगायचो. सॉरी म्हणू नका. खेद म्हणा." मग म्हणाले, "हे तू त्याच दिवशी सांगितलं असतंस ना, तर मी केसच केली नसती."

चाळीस वर्षांचा संसार आहे माझा. मला विचाराल तर ह्यांनी तरीही केली असती. पण केयूरला ते खरं वाटलं, आणि तो आमच्या सोफ्यावर बसून रडला. ह्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच. तो राग होता की माया, ते ह्यांनाही सांगता आलं नसतं.

मी गॅलरीत गेले तर खाली गेटपाशी अनंत उभा. पोराला वर पाठवून हा माणूस खाली नोटीस बोर्ड वाचत होता. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सफाईशिवाय दुसरं काही नव्हतं.

"अहो, अनंतभावजी खाली आहेत."

हे गॅलरीत आले. "अरे वर ये! वॉचमनची नोकरी धरलीस काय?" सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं.

अनंत वर आला. चपला काढायला त्याने कारण नसताना खूप वेळ लावला. मग केयूरच्या शेजारी न बसता ह्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला.

"मार्तंड, तू माझ्या मुलावर केस केलीस."

"केली."

"आणि जिंकलास."

"जिंकलो."

अनंतने पंख्याकडे पाहिलं. "मला वर्षभर बोलायला कोणी नव्हतं रे," तो म्हणाला.

ह्यांनी नुसता हात पुढे करून अनंतच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. हे नुकसान कोणी तक्रारीत लिहिलं नव्हतं, त्यामुळे आदेशात त्याबद्दल काही नव्हतं. मी आत जाऊन चौघांच्या चहाचं आधण ठेवलं.